माळावर पक्षी दिसत नाहीत? सोलापूर परिसरातल्या पक्षीनिरीक्षणात या चुका टाळा

सोलापूरहून बार्शी रस्त्याने वीस-बावीस किलोमीटरवर असलेल्या नान्नजच्या माळावर पहिल्यांदा जाऊन आलेल्यांची एक तक्रार ठरलेली असते: "तिथे काहीच नव्हते." बहुधा या मंडळींनी पक्षी झाडांवर शोधलेले असतात. माळावरचे बरेचसे पक्षी जमिनीवर चरतात, जमिनीवरच अंडी घालतात आणि धोका जाणवला की उडण्याआधी दबून बसतात. बागेतल्या किंवा जंगलातल्या निरीक्षणाची सवय घेऊन इथे आले, की या एकाच गोष्टीच्या विसरापोटी पुढच्या बहुतेक चुका घडतात.

पहिली चूक वेळेची. चहा-नाश्ता उरकून नऊ वाजता शहरातून निघालेला गट माळावर पोहोचतो तेव्हा उन्हाळ्यात जमीन तापलेली असते, लगतची हवा थरथरू लागलेली असते आणि दोनशे पावलांवरचा पक्षी पाण्यात पाहिल्यासारखा हलतो. अशा वेळी अधिक मोठे दाखवणारी दुर्बीण आणली तरी उपयोग होत नाही, कारण तिच्यातून थरथरही तेवढीच मोठी दिसते. 8×42 ची (आठ पट मोठे दाखवणारी) साधी दुर्बीण आणि उजाडताना माळावर असणे, हा त्यावरचा खरा उपाय आहे. अपवाद पखुर्डी या माळावरच्या पक्ष्याचा. हे पक्षी सूर्योदयानंतर दोनेक तासांनी पाण्यावर येतात, आणि पिल्ले असतील तर नर पोटाची पिसे पाण्यात भिजवून त्यांच्यासाठी पाणी घेऊन जातो. त्यामुळे पाणवठ्यापासून दूर, आडोशाला बसून थोडी वाट पाहावी.

दुर्बिणीतून दोन वर्तुळे दिसत असतील, तर दोन्ही नळ्यांमधले अंतर आपल्या डोळ्यांच्या अंतराशी जुळलेले नसते. एकच गोल दिसेपर्यंत नळ्या जवळ किंवा दूर कराव्यात. चित्र सतत धूसर येत असेल, तर उजवा डोळा झाकून मधल्या चक्राने डाव्या डोळ्यासाठी चित्र स्पष्ट करावे आणि मग डावा झाकून उजव्या नेत्रिकेवरची (डोळ्याजवळच्या भिंगावरची) कडी फिरवावी. चष्मा वापरणाऱ्यांनी नेत्रिकेवरचे रबरी कप खाली करून घ्यावेत. एवढे न केल्यामुळे चांगल्या दुर्बिणीला नावे ठेवणारे लोक मी पाहिलेले आहेत, आणि पहिली दोन वर्षे त्यांच्यात मीही होतो.

पक्षी दिसला की सरळ त्याच्या दिशेने चालत जाणे, ही सवय तर जवळजवळ सर्वांनाच असते. धाविक हा तपकिरी-तांबूस पक्षी थोडे पळतो, थबकतो, टिपण्यासाठी वाकतो आणि पुन्हा पळतो. आपण त्याच्यावर रोखून चाललो तर तो पळत राहतो आणि अंतर कमी होत नाही. त्याऐवजी त्याच्याकडे न बघता तिरके चालावे, मध्ये थांबावे, खाली बसावे. रस्त्याकडेला गाडी उभी करून आतूनच पाहणे याहून सोपे, कारण माळावरचे पक्षी गाडीला माणसापेक्षा कमी भितात. दार आपटून उतरणारा एखादा सोबती मात्र सगळ्यांची सकाळ वाया घालवतो.

सर्वांत गंभीर चूक पायाखाली होते. एका एप्रिलमध्ये मुरमाड उतारावर माळटिटवी माझ्याभोवती ओरडत घिरट्या घालू लागली, आणि मी कौतुकाने तिची छायाचित्रे काढत उभा राहिलो. थोड्या वेळाने खाली पाहिले तर माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर, खड्यांच्या उथळ खळग्यात, निमुळती टोके आत वळवलेली चार अंडी होती. त्यांचा मातकट रंग आणि काळपट ठिपके मुरमात इतके मिसळले होते, की नजर जरा हलली की ती पुन्हा शोधावी लागत. अशा उन्हात आई अंड्यांवर सावली धरून उभी राहते, पोटाची पिसे ओली करून आणते. आपण तिथे पंधरा मिनिटे रेंगाळलो तर अंडी तापतात, आणि कावळ्यालाही जागा कळते. म्हणून टिटवी डोक्यावर येऊन ओरडू लागली किंवा पंख मोडल्यासारखी लंगडत पुढे चालू लागली, की आपण चुकीच्या जागी आहोत असे समजावे आणि पायाखाली पाहत आल्या वाटेने मागे फिरावे. घरट्याचे नेमके ठिकाण समूहावर टाकू नये, आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नये. विणीच्या दिवसांत ही त्याची निव्वळ फसवणूक असते.

ओळखीतल्या चुकांचे मूळ बहुधा घाईत असते. नान्नजला आलेल्या प्रत्येकाला माळढोक पाहायचा असतो आणि थरथरत्या हवेत दूरची लांडोर माळढोक होऊन जाते. माळढोकाचा नर सुमारे एक मीटर उंच आणि पंधरा किलोपर्यंत वजनाचा असतो. त्याची मान पांढुरकी, डोक्यावर काळी टोपी आणि छातीवर काळा पट्टा असतो. नान्नजचे अभयारण्य 1979 मध्ये जाहीर झाले ते त्याच्यासाठी, पण मादी एका वेळी बहुधा एकच अंडे घालते आणि विजेच्या तारांवर आदळूनही हे पक्षी मरतात, त्यामुळे आता त्याचे दर्शन अत्यंत दुर्मीळ झाले आहे. त्याच्याच मागे लागलेले लोक कळपातले काळवीट आणि बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसलेले खोकड न पाहताच परततात. चंडोलांच्या बाबतीत रंगापेक्षा वागणूक अधिक सांगते: हवेत चढून पंख मिटत खाली झेपावणारा, पोटाकडून काळा नर दिसला तर तो डोंबारी. मादी मात्र मातीच्या रंगाची, आणि ती एकटीच दिसली तर वहीत नुसते "चंडोल" लिहावे.

पाण्यावरच्या चुका वेगळ्या. महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. सोलापूरचेच मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सलीम अली यांच्या जन्मदिवसापर्यंत. त्या आठवड्यात अनेक जण रोहित (फ्लेमिंगो) पक्षी पाहायला उजनीला जातात आणि निराश होतात. धरण तेव्हा बहुधा तुडुंब असते, आणि रोहितला उथळ पाणी व चिखल लागतो. पाणी ओसरू लागल्यावर, साधारण जानेवारीनंतर, जावे. हिप्परग्याच्या तलावावर सकाळी पूर्वेच्या काठाने उभे राहावे, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो आणि पाण्यावरची बदके नुसती काळी दिसत नाहीत.

संध्याकाळी उंच गवतात शिरू नये, कारण हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षी अंधार पडताना गवतातच जमिनीवर मुक्कामाला उतरतात. ज्वारीच्या शेतावर उतरणारे भोरड्या पक्ष्यांचे थवे बांधावरूनच पाहावेत. हुरड्याच्या दिवसांत राखण करणाऱ्या शेतकऱ्याला आधी हाक मारली, तर ते मामा आपणहून थवा कुठे बसला आहे ते दाखवतात. अभयारण्यात जाताना वन विभागाची परवानगी घ्यावी. आणखी एक चूक सद्हेतूने होते: माळ म्हणजे पडीक जमीन असे समजून पावसाळ्यात त्यावर बीजगोळे, म्हणजे झाडांच्या बिया घातलेले मातीचे गोळे, टाकण्याची. पवन्या-मारवेलचे गवत हेच तिथले रान आहे, आणि ते झाडांनी झाकले गेले की धाविक आणि माळटिटवीला अंडी घालायला जागा उरत नाही.