टायलरचं जुनं ‘अनाहुआक’ घेताय? या चुका टाळा

इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर म्हटलं की लोकांना १८७१चं ‘प्रिमिटिव्ह कल्चर’ आठवतं. त्याच्या दहा वर्षं आधी, १८६१ साली, त्याचं मेक्सिकोचं सचित्र प्रवासवर्णन ‘अनाहुआक’ लंडनला लाँगमनने काढलं. लिहिणारा तिशीचाही नव्हता; विकणाऱ्याच्या जाहिरातीत मात्र ‘प्राध्यापक टायलर’! तिथेच सावध व्हा.

शीर्षकपानावर १८६१ दिसलं की पैसे पाठवून मोकळे होतात लोक. अहो, पुनर्मुद्रणवाले मूळ पानच स्कॅन करून छापतात, साल तेच असणार. मी मजकुरातल्या लाकडी ठशाच्या एखाद्या चित्राचा अगदी जवळून काढलेला फोटो मागवतो. रेघ सलग हवी. ठिपक्यांत फुटली की ते पुनर्मुद्रण, विषय संपला. ‘एकच प्रत उरलीय’ म्हणून घाई करणाऱ्याला मी उत्तरही देत नाही.

चित्रं पुस्तकातल्या चित्रांच्या यादीशी ताडून बघा. फ्रेमसाठी पानं कापून विकणारे महाभाग कमी नाहीत.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते सेलोटेपने. ओळखीतल्या एका मुलाला छान प्रत मिळाली होती, फक्त एक चित्र शिवणीतून सुटलेलं. त्याने टेप मारली आणि वर बाइंडरकडे दिली. बाइंडरने मूळ कापडी पुठ्ठा फेकून रेक्झिन चढवलं, तिन्ही कडा मशीनखाली छाटल्या. चित्राखालची ओळ अर्धी गेली. टेप तेवढी राहिली. काही पावसाळ्यांत तिचा चिकटा पिवळा पडून चित्रात उतरला. सुटं पान सुटंच राहू द्या ना! फाटलं असेल तर जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ. चुकलं तर ओलसर करून काढता येते. वजनाखाली रात्रभर वाळू द्यायचा धीर नसेल, तर हातच लावू नका.

दमट झालं म्हणून उन्हात घालू नका. सावलीत, पंख्याखाली.

वाचताना त्याचं प्रत्येक मत प्रमाण मानू नका. टायलर क्वेकर, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाच्या घरातला. कॅथलिक चर्चवर घसरला की घसरलाच. पण हेन्री ख्रिस्ती हा इंग्रज संग्राहक त्याला हवानात भेटला आणि १८५६ मध्ये दोघं मेक्सिकोत हिंडले, ते झकास आहे. आधी प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट वाचा. ऑब्सिडियनच्या (ज्वालामुखी काचेच्या) सुऱ्यांच्या पानांवरच कंटाळा आला, तर पैसे वाचले.