निरनिराळ्या संस्कृतींची बालपुस्तके घरी कशी वाचावीत

सुरुवात नव्या खरेदीने करू नये. मुलाची असलेली पुस्तके एकदा जमिनीवर मांडावीत आणि त्यांत कोणाची घरे, कोणाचे सण, कोणाची ताटे दिसतात, हे मुलालाच मोजायला सांगावे. आमच्या घरी हा उद्योग केला तेव्हा शिवरायांच्या गोष्टी, प्राण्यांच्या बोधकथा आणि दोन-चार परदेशी परीकथा निघाल्या. ती पुस्तके चांगलीच आहेत. परंतु इचलकरंजीत यंत्रमागावर राबणाऱ्या बिहारी कुटुंबातील मूल किंवा ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून आई-बापांबरोबर फडावर येणारे मूल त्यांत कुठेच नव्हते.

मग पुस्तके शोधावीत, आणि शोध शेजारच्या संस्कृतीपासून सुरू करावा. कोल्हापुरात हे सोपे आहे, कारण गडहिंग्लज, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यात नाती असलेल्या कितीतरी घरांत आजी कानडी बोलते. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर एकच गोष्ट अनेकदा मराठीत आणि कन्नडमध्येही विनामूल्य मिळते. तिच्या दोन्ही प्रती छापून घ्याव्यात. कन्नड पान आजीने वाचावे, मराठी पान मुलाने. ‘अज्जी’ म्हणजे आजी, आणि ‘अक्का’, ‘अण्णा’ तर दोन्ही भाषांत आहेत, हे मुलाला स्वतःलाच सापडले, तर त्याचा आनंद कोणत्याही शिकवणीने मिळणारा नसतो. त्यानंतर नेहरू बाल पुस्तकालय मालेतील पुस्तकांकडे वळावे. 1957 साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टची ही माला अनेक भारतीय भाषांत निघते आणि तिच्या किमतीही आवाक्यातल्या असतात. विकत घेणे शक्य नसेल, तर करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयात विचारावे. 1850 सालापासून ते शहरातील वाचकांची सोय करीत आले आहे.

पुस्तक मुलापुढे ठेवण्यापूर्वी मोठ्यांनी ते एकदा पूर्ण वाचावे आणि चित्रे विशेष काळजीने पाहावीत. आदिवासी पात्र प्रत्येक पानावर केवळ नाचतच असेल, मुसलमान पात्र फक्त ईदेच्या दिवशीच अवतरत असेल, किंवा गरीब मुलाचे काम दया स्वीकारण्यापुरतेच असेल, तर ते पुस्तक बाजूला ठेवलेले बरे. ज्या पुस्तकात असे मूल सायकल शिकते, भांडते, दात पडला म्हणून रडते, ते निवडावे. सणांची माहिती देणाऱ्या पुस्तकांपेक्षा अशा साध्या गोष्टी मुलाला त्या घरात अधिक आत नेतात, असे माझे ठाम मत आहे.

वाचताना खरी कसोटी लागते ती मुलाच्या तोंडून ‘शी!’ निघते तेव्हा. नागालँडमधील गोष्टीत चुलीवर धुरवलेले मांस आले आणि माझ्या मुलीने नाक मुरडले. अशा वेळी रागावू नये आणि ‘असे बोलू नये’ म्हणून विषयही संपवू नये, कारण गप्प बसवलेले मूल आपले मत बदलत नाही, ते फक्त लपवते. मी तिला विचारले की, परगावचे पाहुणे आपला तांबडा रस्सा पहिल्यांदा खातात तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी का येते? ती थोडा वेळ विचारात पडली आणि मग मांस धुरावर का ठेवत असतील, हे तिने स्वतःच विचारले. धुराने मांस सुकते आणि पुष्कळ दिवस टिकते, हे कळल्यावर तिला आजीच्या उन्हात वाळवलेल्या सांडग्यांची आठवण झाली. प्रश्न असा घराकडून सुरू करून गोष्टीकडे न्यावा. उत्तर ठाऊक नसेल, तर तसे सरळ सांगून दोघांनी मिळून शोधावे. अपरिचित नावांचा उच्चार मात्र आधीच विचारून ठेवावा; नाव मोडून हसणे घरात कोणालाही करू देऊ नये.

पुस्तक मिटल्यावर ते शहराशी जोडता येते. वेगळ्या समाजातील मैत्रीची गोष्ट वाचून झाली, की मुलाला दसरा चौकात न्यावे आणि राजर्षी शाहू महाराजांनी 1901 सालापासून मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहावीत म्हणून काय काय केले, हे तेथे उभे राहून सांगावे. खेड्यापाड्यांतून शिकायला आलेली ती मुलेही त्याच्याच वयाच्या आसपासची होती, हे मुलाला लगेच भिडते.

शेवटचे काम देवघेवीचे. इमारतीतील किंवा गल्लीतील चार-पाच कुटुंबांनी मिळून एक पेटी ठेवावी आणि दर पंधरा दिवसांनी पुस्तके एका घरातून दुसऱ्या घरात जावीत. प्रत्येक पुस्तकात एक कोरा कागद ठेवावा आणि मुलाला वाचताना पडलेला एक प्रश्न त्यावर लिहावा. पुढच्या घरातील मुलाने पुस्तकाबरोबर तो प्रश्नही वाचावा आणि जमल्यास खाली आपल्या आजीकडून किंवा शेजाऱ्यांकडून मिळालेले उत्तर लिहून कागद पुन्हा त्याच पुस्तकात ठेवावा.