जोशी, आठ जण: रविवारी टेबल मिळवण्याची तयारी

गेल्या मार्चमध्ये सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त आम्ही आठ जण रविवारी दुपारी एका नावाजलेल्या थाळीच्या हॉटेलात गेलो, पावणेदोन तास बाहेर उभे राहिलो आणि शेवटी घरी येऊन पिठले-भात खाल्ला. आता दिवाळीनंतर नागपूरची मंडळी येणार आहेत आणि त्यांना पुण्यात ‘बाहेर’ जेवायचे आहे, म्हणून या वेळी यादी आधीच लिहून ठेवत आहे.

सर्वप्रथम दिवस पाहावा, आणि दिवस म्हणजे केवळ वार नव्हे. रविवारी सकाळी फर्ग्युसन रस्त्यावर वैशाली-रूपालीसमोर गर्दी असते हे पुणेकराला सांगायला नको. विसरतो ते पंचांग. आखाडातल्या शेवटच्या रविवारी मटणथाळीच्या हॉटेलांबाहेर जी झुंबड उडते, तिच्यात वडीलधाऱ्यांना नेऊ नये; श्रावण लागला की तीच हॉटेले निवांत होतात आणि ज्याला श्रावण पाळायचा नाही त्याने खुशाल तेव्हा जावे. आमरसाच्या दिवसांत प्रत्येक जण एक वाटी जास्त घेतो, म्हणजेच दहा मिनिटे जास्त बसतो, आणि ती दहा मिनिटे बाहेर उभ्या असलेल्यांच्या वाट्याला येतात. गणेशोत्सवात पेठांमधले मुख्य रस्ते संध्याकाळनंतर वाहनांसाठी बंद असतात, तेव्हा त्या दहा दिवसांत आठ जणांचा बेत आखूच नये. जुन्या वळणाच्या अनेक खानावळी रविवारी संध्याकाळी बंद असतात, हेही पाहुण्यांना आधी सांगावे. बाहेरगावच्या माणसाला ते थट्टा वाटते आणि बंद दारासमोर उभे राहिल्यावर आपलाच चेहरा पाहण्यासारखा होतो.

फोन करावा. कोरेगाव पार्क किंवा बाणेरकडच्या रेस्टॉरंटांमध्ये टेबल राखून ठेवण्याची पद्धत रुळलेली आहे. तिथे ‘किती वाजेपर्यंत ठेवता?’ हा प्रश्न मात्र विचारावाच, कारण पंधरा-वीस मिनिटांपलीकडे कोणी थांबत नाही. गावातल्या थाळीवाल्यांकडून बहुधा ‘रविवारी बुकिंग नाही, येऊन नाव लिहा’ एवढेच उत्तर मिळते. त्यावर वाद घालू नये, फोन ठेवावा.

माणसे मोजावीत, लहान मुले धरून.

आता नाव. हॉटेलच्या दाराशी एका स्टुलावर वही असते, तिला दोऱ्याने बांधलेले बॉलपेन असते आणि ती सांभाळणारा माणूस मान वर न करता ‘नाव? किती जण?’ असे विचारतो. मी ‘जोशी, आठ’ म्हणालो आणि बाजूला झालो. पुण्यात, रविवारी दुपारी, थाळीच्या हॉटेलाबाहेर, नुसते ‘जोशी’! तासाभराने ‘जोशी पार्टी’ असा पुकारा झाला तेव्हा मी सासऱ्यांसाठी खुर्ची मागायला शेजारच्या दुकानात गेलो होतो, आणि परत आलो तोवर दुसरे एक जोशी कुटुंब, तेही सात-आठ जणांचे, आत जाऊन पानावर बसलेसुद्धा होते. मी वहीतल्या आमच्या नावावर बोट ठेवले. त्यावर आडवी रेघ मारलेली होती. ‘जोशी बसले की आत,’ वहीवाला शांतपणे म्हणाला. खाली आणखी एक जोशी होते, त्यांच्यावर रेघ नव्हती, पण ते चार जण होते आणि समोर उभे होते. नव्याने नाव लिहिले तर चाळीस नावे पुढे. जेवायला बसलेल्या जोशींना उठवणे शक्य नव्हते आणि त्यांची चूकही नव्हती. पुकारा जोशींचाच झाला होता.

म्हणून नाव पूर्ण लिहवून घ्यावे. आडनाव एकटे देऊ नये. जोशी, कुलकर्णी, देशपांडे, पाटील यांनी तर मुळीच नाही. पहिले नाव, आडनाव आणि माणसे, तिन्ही वहीत उतरलेली स्वतःच्या डोळ्यांनी वाचावीत. वहीवाला कंटाळून ‘झालं, लिहिलं’ म्हणाला तरी वाचावे. फोन नंबर विचारला तर द्यावा, पण फोन येईल या भरवशावर पांगू नये. वहीपासून हाकेच्या अंतरावर आपला एक माणूस खिळवून ठेवावा. तो खुर्ची आणायला जाणार नाही, पान खायला जाणार नाही, आणि नुसते ‘जोशी’ ऐकू आले तर ‘कोणते जोशी?’ असे मोठ्याने विचारील. आमच्याकडे हे काम या वेळी मेहुण्याला दिले आहे, कारण त्याला संकोच नाही.

आठ जणांसाठी एकच टेबल मागण्याचा हट्टही सोडावा. चौघांची दोन टेबले, लांब असली तरी चालतील, असे सांगितले की वहीवाल्याचे काम सोपे होते. आठ खुर्च्या एकदम रिकाम्या होण्याची वाट पाहिली तर मागचे चार-चार जण आपल्या डोळ्यांदेखत आत जात राहतात. मात्र दोन टेबले मागितली तर दोन्ही नोंदी पूर्ण नावाने हव्यात. पूर्ण नावाने.

गाडी शक्यतो नेऊ नये. सम-विषम तारखांना रस्त्याच्या कोणत्या बाजूला गाडी लावायची हे सांगणाऱ्या पी-१, पी-२ च्या पाट्यांपुढे तारीख आठवत उभे राहण्यात वेळ जातो आणि चुकले की गाडी उचलून नेतात. डेक्कनकडे जायचे असेल तर ऑगस्ट 2023 पासून डेक्कन जिमखाना स्थानकापर्यंत मेट्रो आहे, तिने जावे. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडले की भिडे पूल बंद होतो, हे पेठेतून निघणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

बाकीचे थोडक्यात. मधुमेह असलेल्यांना घरून काहीतरी खायला घालून न्यावे. पाण्याची बाटली घ्यावी. बिल कोण देणार हे घरीच ठरवावे. जवळचे दुसरे हॉटेल हेरून ठेवावे आणि तासाभरात टेबल मिळाले नाही तर तिकडे जावे. तिथेही वही असेल. नाव पूर्ण सांगावे.