जुन्या गाडीचा पत्रा आणि रंग: घरच्या अंगणात, कमी खर्चात

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्या आमच्या गावात मामांची पांढरी मारुती ८०० आहे. कंपनीनं ही गाडी बनवणं २०१४ च्या सुरुवातीलाच थांबवलं, पण आमच्याकडे ती अजून वावरात जाते, दवाखान्यात जाते, लग्नालाही जाते. तिच्या डिकीतून कित्येक हंगाम युरियाची आणि डीएपीची पोती आली. फाटक्या पोत्यातून सांडलेलं खत मॅटखाली गेलं, पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून ओलं होत राहिलं, आणि एक दिवस स्टेपनी उचलली तर खालची जमीन दिसली. पत्रा कधी सडला ते कुणाला कळलंच नव्हतं.

तुमच्याही घरी अशी गाडी असेल तर एक गोष्ट आधी लक्षात घ्या. डेंटिंग-पेंटिंगच्या बिलात रंगाचा डबा कमी आणि मजुरी जास्त असते, आणि त्या मजुरीतही मोठा वाटा घासकामाचा. घासकामाला कसब कमी आणि चिकाटी जास्त लागते. म्हणून उघडणं, धुणं, घासणं, पुट्टी भरणं आणि काचा-दिव्यांवर कागद लावणं स्वतः करा. वेल्डिंग, आणि शक्यतो शेवटचा फवाराही, जाणत्या माणसाला द्या. पैसे वाचतात ते इथेच. हलका रंग घेऊन काहीच वाचत नाही.

हंगाम आधी ठरवा

विदर्भात हे काम वर्षभर होत नाही. पावसाळ्यात हवेत ओल असते. त्या हवेत एन.सी. (नायट्रोसेल्युलोज, थिनरचा लवकर वाळणारा) रंग मारला की वाळताना त्यावर पांढुरकी झाक येते. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा रंग पत्र्यावर पोचायच्या आतच थेंब सुकतात आणि हात फिरवला तर वाळूसारखा खरखरीत लागतो. सोयाबीनची मळणी चालू असताना तर विचारच नको, तो भुसा दोन शेतं ओलांडून येतो. आमच्याकडे योग्य काळ म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. त्यातही सकाळी दव असतं, म्हणून फवारा दहा-अकरानंतर सुरू करा आणि चारच्या आत आटोपा. संध्याकाळी बल्ब लावून रंग मारू नका, चिलटं ओल्या रंगावर येऊन बसतात आणि तिथेच चिकटतात.

हाताशी आठ-दहा दिवस ठेवा. कापूस वेचणीच्या धांदलीत सुरू केलेलं काम अर्धवट राहतं, आणि उघडा पत्रा दोन रात्रींच्या दवात लाल होतो.

गाडी वाचा

पहिला दिवस फक्त धुण्याचा आणि पाहण्याचा. भांड्याच्या साबणानं गाडी धुवा, चाकांच्या वरची माती पाण्याच्या धारेनं सोडवा. मग जुन्या रेडिओच्या स्पीकरचं चुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे खाली जुनी पुट्टी आहे, म्हणजे कधीतरी ठोकर लागलेली आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलके ठोका. चांगला पत्रा ठणठणतो, सडलेल्याचा आवाज बसका येतो. गॅरेजमधला मिस्त्री मामांना म्हणाला होता, "भाऊ, वरून पाहू नका, पत्रा आतून खाऊन रायला."

नेमक्या जागा सांगतो: दरवाज्यांची खालची कड, दरवाज्याखालची पट्टी, पुढच्या मडगार्डचा मागचा कोपरा, स्टेपनीचा खड्डा, पायाखालची मॅट, बॅटरीचा ट्रे. दरवाज्याच्या खालच्या कडेला पाणी निघायला बारीक छिद्रं असतात. काचेवरून उतरलेलं पाणी तिथूनच बाहेर जातं. मातीनं ती बुजली की पाणी आत साचतं आणि दरवाजा आतून सडतो. सायकलच्या स्पोकनं ती मोकळी करा. एवढं एक काम आजच केलंत तरी पुढचा बराच खर्च टळेल.

चॅसी, खांब किंवा शॉकॲबसॉर्बर जिथे बसतो तो भाग सडला असेल तर रंगाचे पैसे तिथे वळवा. तो पत्रा माणसांचा भार झेलतो. तिथे फायबर आणि पुट्टीचं ठिगळ अजिबात चालत नाही.

गंज काढा, झाकू नका

हे मी अनुभवानं सांगतो. पहिल्यांदा आम्ही डावं मडगार्ड बाहेरून करून घेतलं. गंजावर थेट पुट्टी, वर रंग. दिवाळीत चकाचक दिसत होतं. पुढच्या पोळ्यापर्यंत रंगाला फोड आले आणि नखानं टोकरलं तर पुट्टीचा खापरा हातात आला, मागची बाजू वीटकरी. गंजाला ओल आणि हवा मिळत राहिली तर तो रंगाखालीही वाढतो, आणि गंजाची जागा लोखंडापेक्षा जास्त असल्यामुळे वरचं सगळं उचलून टाकतो.

म्हणून वायर ब्रश आणि ८० नंबरच्या घासायच्या पेपरनं (नंबर जेवढा लहान, तेवढा पेपर खरखरीत) घासत चकचकीत पत्रा दिसेपर्यंत जा. गंजाच्या डागाच्या चारही बाजूंनी बोटभर चांगला रंगही काढा, कारण गंज कडेखाली सरकलेला असतो. बारीक खड्ड्यांत काळे ठिपके उरतात. त्यावर फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट रिमूव्हर ब्रशनं लावा, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ ठेवा, सांगितल्याप्रमाणे पुसा-धुवा आणि उन्हात पूर्ण सुकवा. हातमोजे आणि चष्मा घालूनच.

उघडा पत्रा त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरखाली, म्हणजे गंज रोखणाऱ्या पहिल्या थराखाली, गेला पाहिजे. इथे एक चूक गावोगाव होते. दुकानात घराच्या ग्रिलला लावायचं रेड ऑक्साइड स्वस्त मिळतं, म्हणून तेच लावतात. वरून एन.सी. रंगाचं थिनर पडलं की ते खालून सुरकुततं, दुधावरच्या सायीसारखं. मग सगळं परत घासावं लागतं.

आरपार भोक पडलं असेल तर आतून नवा पत्रा लावून सी.ओ.टू. वेल्डिंग (बारीक तारेचं, कार्बन डायऑक्साइड वायू सोडून करतात ते) करून घ्या. गाडीचा पत्रा मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो; साध्या वेल्डिंगच्या रॉडनं त्याला भोकं पडतात, आणि गॅस वेल्डिंगच्या ज्योतीनं तो वाकडातिकडा होतो. वेल्डिंगआधी बॅटरीची काळी तार काढा, आतल्या सीट आणि मॅट बाहेर काढा, पाण्याची बादली आणि ओलं पोतं शेजारी ठेवा. पेट्रोलच्या टाकीजवळचं काम असेल तर ते घरी करूच नका. आणि आपल्याकडे कापूस घरातच भरून ठेवतात. ज्या खोलीत कापूस आहे तिच्या आसपास ना वेल्डिंग, ना थिनर. एक ठिणगी पुरते.

पोचे आणि पुट्टी

मोठा, उथळ पोचा पुष्कळदा ठोकाईशिवायही निघतो. दुपारच्या उन्हात पत्रा तापू द्या आणि आतून हाताच्या तळव्यानं दाबा. प्लास्टिकच्या बंपरवर कढत पाणी ओतून मागून ढकला. ठोकायचंच असेल तर एका बाजूनं हातोडी आणि दुसऱ्या बाजूनं जड लोखंडाचा आधार धरा, आणि पोच्याच्या कडेपासून आत या. मधोमध जोरात हाणलं तर पत्रा ताणला जातो आणि नंतर डबडबत राहतो.

पुट्टी, म्हणजे आपल्याकडची लांबी, दोन भागांची येते: डबा आणि हार्डनरची, म्हणजे ती घट्ट करणाऱ्या लेपाची, ट्यूब. लिंबाएवढ्या गोळ्याला वाटाण्याएवढा हार्डनर, एवढं प्रमाण डोळ्यात ठेवा. काचेच्या तुकड्यावर एकसारखा रंग येईपर्यंत घोटा. चार-पाच मिनिटांत ती आवळायला लागते, म्हणून एकदम जास्त कालवू नका. एका थरात फार जाड भरू नका. दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे गेलात तर धक्क्यानं तडकते. म्हणून आधी पोचा जमेल तेवढा वर काढा आणि उरलेली लेव्हल पुट्टीनं साधा.

घासताना पेपर नुसत्या बोटांनी धरू नका, बोटांच्या खुणा लाटांसारख्या उमटतात. जुन्या रबरी चपलेचा तळवा मुठीत मावेल एवढा कापा आणि त्यावर पेपर गुंडाळा. पिढ्यान् पिढ्या पेंटर हेच वापरतात, कारण तो वळणावर वळतो आणि सपाटीवर ताठ राहतो. आधी ८०, मग १५०, मग ३२० नंबर, आडवं-तिडवं, एका दिशेनं नको. आणि पुट्टी कोरडीच घासा. पाणी पेपर (पाणी लावून घासायचा पेपर) वापरण्याची सवय पुष्कळांना आहे, पण पुट्टी स्पंजासारखी पाणी पिते आणि ते पाणी वरच्या रंगाखाली अडकतं. धूळ खूप होते, तोंडाला मास्क बांधा.

डोळे मिटून तळहात फिरवा. डोळ्याला न दिसणारा उंचवटा हाताला लागतो.

प्रायमर आणि काळी फवारणी

पुट्टीवर सरफेसरचे, म्हणजे बारीक ओरखडे भरणाऱ्या प्रायमरचे, दोन-तीन हात द्या. वाळल्यावर काळ्या स्प्रे कॅनची अगदी विरळ धूळ मारा, नुसते ठिपके पडतील एवढी. मग ४०० नंबरनं घासा. उंच भागावरची काळी जाते, खोलगट भागात ती राहते. जिथे काळं उरलं तिथे अजून काम आहे. या एका युक्तीनं माझ्या हातचं काम गॅरेजच्या कामाजवळ आलं. आता सगळी गाडी ६०० नंबरच्या पाणी पेपरनं हलकी घासा, जुन्या रंगाची चमक पूर्ण मारा, नाहीतर नवा रंग धरणार नाही.

रंग कोणता?

आधीचाच रंग ठेवा. रंग बदलायचा तर आर.सी.वर नोंद करावी लागते आणि दरवाज्यांच्या आतल्या कडाही रंगवाव्या लागतात. जुनी जीप असलेल्यांनी एक लक्षात ठेवावं: केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमानुसार ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे. इंजिनच्या खोलीत कोरलेल्या चॅसी नंबरवर पुट्टी किंवा जाड रंग जाऊ देऊ नका. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करताना गाडी तपासणीला न्यावी लागते आणि तिथे तो नंबर वाचता आला पाहिजे.

साधा पांढरा किंवा लाल रंग स्वस्त पडतो आणि नंतरचा टचअपही लपतो. मेटॅलिकला वर क्लिअर कोट (पारदर्शक थर) लागतो आणि एकच दरवाजा करायचा असेल तर शेड जुळवणं अवघड जातं. शेडसाठी पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून अमरावती, अकोला किंवा यवतमाळच्या रंगाच्या दुकानात घेऊन जा, पण आधी ते पॉलिशनं घासा, म्हणजे उन्हानं उडालेला रंग जुळवला जाणार नाही. लहान गाडीला बाहेरून दोन ते तीन लिटर रंग लागतो. एकाच दुकानातून एकाच वेळी घ्या.

एन.सी. स्वस्त, लवकर वाळणारा आणि चूक पोटात घालणारा आहे; पण दोन-तीन उन्हाळ्यांत फिका पडतो. हार्डनरवाला पी.यू. (पॉलियुरेथेन) रंग जास्त टिकतो. त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट नावाचं रसायन फुप्फुसांना फार वाईट असतं, दम्यासारखा त्रास कायमचा मागे लागू शकतो, आणि कापडी किंवा कोरोनातला मास्क त्याला अडवत नाही. म्हणून पी.यू. मारायचा तर तयार गाडी ट्रॉलीवर किंवा चालवत तालुक्याला न्या आणि बूथ (फवाऱ्यासाठीची बंदिस्त खोली) असलेल्या पेंटरला फक्त फवाऱ्याचे पैसे द्या. घासून, कागद लावून नेलेल्या गाडीला तो बराच कमी भाव सांगतो.

फवाऱ्याचा दिवस

एन.सी. घरी मारायचा असेल तर टिनाचं शेड बघा. आदल्या दिवशी झाडून घ्या, आणि सकाळी जमिनीवर चांगला सडा टाका, म्हणजे धूळ बसते. उघड्या बाजूंना ओली केलेली जुनी लुगडी बांधा, पण वारा खेळता राहू द्या. कंप्रेसर आणायच्या आधी वीज कोणत्या वेळेला जाते ते विचारून घ्या. अर्ध्या बोनेटवर लाइट गेली तर तिथे जोड दिसतो.

काचा, रबर आणि दिवे दुहेरी वर्तमानपत्र टेपनं चिकटवून झाका. पत्रा थिनरच्या फडक्यानं पुसा आणि लगेच कोरड्या फडक्यानं. डॅशबोर्डच्या चकाकी-पॉलिशमधलं सिलिकॉन कुठे लागलं असेल तर रंगात गोल गोल खड्डे पडतात, म्हणून त्या दिवशी ती बाटली शेडमध्ये आणूच नका. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी खालच्या कॉकनं काढा.

गन पत्र्यापासून वीतभरापेक्षा थोडी जवळ धरा, मनगट न वळवता संपूर्ण हात सरकवा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवा. पहिला हात अगदी हलका, खालचा रंग दिसत राहील असा. मग दहा मिनिटं थांबा. तीन-चार पातळ हात एका जाड हातापेक्षा केव्हाही चांगले. ओघळ आला तर बोट लावू नका. पूर्ण वाळल्यावर १००० नंबरनं घासून तो निघतो. टेप त्याच संध्याकाळी काढा.

आठवड्यानंतर १५०० आणि २००० नंबरच्या पेपरवर साबणाचं पाणी घेऊन हलकं घासा आणि रबिंग कंपाऊंडनं चमक आणा. कडांवर जोर नको, तिथे रंग पातळ असतो. पहिला महिनाभर गाडीवर कव्हर टाकू नका, वॅक्स लावू नका, नुसत्या पाण्यानं धुवा.

आणि डिकीत आता जाड प्लास्टिकची ताडपत्री अंथरा. खताची पोती उतरली की ती बाहेर काढून झटका, आणि मृगाच्या आधी एकदा मॅट उचलून खाली हात फिरवा.