बाळ येशूच्या यात्रेला जाताना

नाशिकरोडची बाळ येशूची यात्रा दरवर्षी फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी भरते आणि रविवारीही भाविकांची रीघ सुरूच असते. मुंबई-वसईकडच्या कॅथलिक कुटुंबांबरोबर नवस फेडायला आलेली हिंदू कुटुंबेही रांगेत दिसतात. प्रथमच जाणाऱ्याने निघण्यापूर्वी ज्या मूर्तीपुढे उभे राहायचे तिची कथा समजून घ्यावी, कारण तेथील प्रार्थनेचा अर्थ त्या कथेतच आहे.

मूळ मूर्ती चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग येथे आहे. मेणाचा मुलामा दिलेली ही लाकडी मूर्ती जेमतेम 47 सेंटिमीटर उंच असून तिच्या डाव्या हातात क्रूस असलेला पृथ्वीगोल आहे आणि उजवा हात आशीर्वादासाठी उंचावलेला आहे. सोळाव्या शतकात स्पेनमधील एका सरदार घराण्याची कन्या विवाहानंतर ही मूर्ती बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, घेऊन आली; पुढे तिची मुलगी पोलिक्सेना हिने 1628 मध्ये ती कार्मेलाइट संन्याशांना अर्पण केली. अवघ्या तीन वर्षांत, 'तीस वर्षांचे युद्ध' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या युरोपातील युद्धात, सॅक्सन सैन्याने प्राग घेतले, मठ लुटला गेला आणि मूर्ती हात तुटलेल्या अवस्थेत वेदीमागील अडगळीत पडून राहिली. 1637 मध्ये फादर सिरिल यांना ती सापडली. 'माझे हात मला परत द्या, मी तुम्हांला शांती देईन' अशा आशयाची वाणी त्यांना ऐकू आली, असे परंपरा सांगते. 1655 मध्ये मूर्तीला मुकुट चढवण्यात आला. त्याची आठवण प्रागमध्ये मे महिन्यात साजरी होते. नाशिकची तिथी मात्र नाशिकची स्वतःची आहे.

यात्रेपूर्वी नोव्हेना, म्हणजे सलग नऊ दिवसांची प्रार्थना, असते. बरोबर वृद्ध माणसे किंवा तान्ही मुले असतील, तर माझ्या मते यात्रेच्या शनिवारचा हट्ट सोडून नोव्हेनेतील एखादा दिवस निवडावा. दर्शन निवांत होते आणि प्रार्थनेत मनही लागते. मुंबईहून शनिवारीच जाऊन परतायचे असल्यास सकाळची तपोवन एक्सप्रेस सोयीची आहे, कारण संध्याकाळी त्याच नावाची परतीची गाडी नाशिकरोडला मिळते. पंचवटी एक्सप्रेस मुंबईहून संध्याकाळी सुटत असल्याने ती शुक्रवारी मुक्कामाला येणाऱ्यांच्या उपयोगाची. दोन्ही गाड्यांचे आरक्षण वेळेवर करावे. उतरायचे ते नाशिकरोडलाच. नाशिक शहर तेथून बरेच दूर आहे आणि यात्रेसाठी तिकडे जाण्याचे कारण नाही.

मिस्साच्या (चर्चमधील मुख्य उपासनाविधीच्या) वेळा आणि भाषा आधी विचारून घ्याव्यात, म्हणजे आपल्याला कळणाऱ्या भाषेतील मिस्सा गाठता येते. ज्यांना ख्रिस्तप्रसाद (मिस्सात दिली जाणारी पवित्र भाकर) घ्यायचा आहे त्यांनी पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली, आदल्या आठवड्यात आपल्या धर्मग्रामातच (आपल्या भागातील चर्चमध्येच) उरकावे. इतर धर्मीयांचा येथे नेहमी एक घोटाळा होतो: देवळात प्रसादासाठी हात पुढे करण्याची सवय असल्याने तेही सहज त्या रांगेत उभे राहतात. ख्रिस्तप्रसाद मात्र कॅथलिक श्रद्धेत दीक्षित असलेल्यांसाठीच असतो. इतरांनी जागेवर बसून राहिले तरी त्यात कोणताही अनादर नाही, आणि मेणबत्ती, फुले व प्रार्थना यांना तर कसलीच आडकाठी नाही.

मूर्तीपुढे पोहोचल्यावर गर्दीमुळे फार वेळ मिळत नाही. तेव्हा मागणे रांगेतच मनाशी ठरवून ठेवावे आणि समोर आल्यावर नजर त्या उंचावलेल्या उजव्या हाताकडे ठेवावी.