भाडं कार्डावर, तिकीट मैलांवर

कार्डाच्या खर्चावर बँक देते ते पॉइंट जमवून विमानाचं तिकीट काढायचं, म्हणून पहिल्यांदा क्रेडिट कार्डावरून घरभाडं भरलं, तेव्हा मला पॉइंट मिळाले शून्य. फी मात्र चोख कापली गेली. स्टेटमेंट दोनदा वरपासून खालपर्यंत वाचलं, मग बँकेला फोन लावला. पलीकडच्या मुलीने शांतपणे सांगितलं, "मॅडम, भाड्याच्या व्यवहारावर या कार्डाला पॉइंट लागू नाहीत." अटींमध्ये ते लिहिलेलं होतंच. वाचलं नव्हतं मी.

म्हणून सुरुवात तिथूनच करा. कार्डाने पैसे घेणाऱ्या प्रत्येक दुकानाला, संस्थेला चार अंकी कोड असतो. आयएसओ १८२४५ नावाच्या आंतरराष्ट्रीय मानकात हे कोड ठरलेत. घरभाडं आणि घरांची व्यवस्था पाहणाऱ्यांचा कोड आहे ६५१३. तुम्ही भाडं भरलंय हे बँकेला कळतं ते बहुधा या कोडवरून, तुमच्या भाडेकरारावरून नव्हे. अटींमध्ये "या खर्चांवर पॉइंट मिळणार नाहीत" असा एक परिच्छेद असतो. तो शोधा आणि त्यात भाडं आहे का बघा. पेट्रोल, विमा, वॉलेट यांच्या रांगेत ते गुपचूप बसलेलं असतं. तरीही शंका उरली तर बँकेला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. कार्डावरून पैसे घेऊन भाडं मालकापर्यंत पोचवणारी मध्यस्थ सेवा भाड्याचा काही भाग स्वीकारत असेल तर आधी छोटी रक्कम पाठवून बघा आणि पॉइंट जमा होईपर्यंत थांबा. व्यवहार उसनवारी किंवा रोख उचल (कार्डावर रोख पैसे काढणं) म्हणून नोंदवला जात असेल तर तिथेच थांबा. रोख उचलीवर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं.

आता हिशेब. चलन कुठलंही असो, माझ्या वहीत भाडं म्हणजे १०००. मध्यस्थ सेवा २ टक्के घेते असं धरू, म्हणजे २० गेले. कार्ड एकाला एक पॉइंट देतं, म्हणजे १००० पॉइंट आले. थोडक्यात, हजार पॉइंट मी २० ला विकत घेतले. मी याला हजारी भाव म्हणते. नवरा म्हणतो, भाजीवालीसारखी बोलतेस. बोलू दे. फी, फीवरचा कर, बँकेने भाड्यावर वेगळं शुल्क लावलं असेल तर तेही, सगळं या भावात धरायचं.

याच पॉइंटांतून बँकेच्या पोर्टलवर साधं तिकीट काढलं आणि हजारामागे १० सुटले, तर २० ला घेतलेली वस्तू मी १० ला विकली. बारा महिने हे केलं तर फी २४० जाते आणि हातात १२० चं तिकीट येतं. लोक ते तिकीट दाखवतात, फी कोणी दाखवत नाही. आणि विमान कंपन्या स्वतःही मैल, म्हणजे तिकिटासाठी वापरायचे त्यांचे स्वतःचे पॉइंट, विकतात, अधूनमधून सवलतीत. त्यांचा हजारी भाव तुमच्यापेक्षा कमी असेल तर भाड्याची ही उठाठेव कशाला?

मग मी हे करते तरी कधी? नवं कार्ड घेतलं आणि "पहिल्या तीन महिन्यांत इतका खर्च करा, इतके पॉइंट बोनस" अशी अट असली, की तेव्हा. गेल्या खेपेला माझ्या वहीच्या मापात अट होती २००० खर्चाची आणि बोनस होता ३०,००० पॉइंटांचा. घरचा नेहमीचा खर्च तीन महिन्यांत ११०० च्या पुढे जाईना. उरलेल्या ९०० साठी नको त्या वस्तू घेण्यापेक्षा एका महिन्याचं भाडं कार्डावर टाकलं. फी २० लागली. खर्च झाला २१२०, तेवढे साधे पॉइंट आणि वर बोनस, मिळून ३२,१२०. आता हजारी भाव काढा: एकापेक्षाही कमी. वर्षाचा ठरावीक खर्च गाठला की मिळणाऱ्या बक्षिसालाही हेच गणित लागू पडतं, फक्त पल्ला थोडाच उरलेला असेल तर. इथे एक खाचखळगा आहे. बोनसच्या खर्चात भाडं धरत नाहीत असंही काही कार्डांच्या अटींत असतं. पॉइंटांची अट आणि बोनसची अट वेगवेगळी वाचा.

तारखांमध्ये मी एकदा तोंडघशी पडले आहे. एक तारखेचं भाडं मी एक तारखेलाच कार्डावरून पाठवलं. मध्ये सुट्टी आली आणि पैसे पोचले चार तारखेला. घरमालक काका दारात आले, रागावले नाहीत, नुसते म्हणाले, "अहो, विसरलात की काय?" तेव्हापासून चार कामाचे दिवस हातात ठेवून भरते, आणि पहिल्या खेपेआधी काकांना सांगून ठेवलं होतं की पैसे या वेळी वेगळ्या नावाने जमा होतील. पावती मात्र आपल्याच नावाची मागून घ्या. तीन महिन्यांची मुदत कधी सुरू होते तेही विचारून ठेवा. पुष्कळदा ती कार्ड मंजूर झाल्या दिवसापासून मोजतात, पाकीट हातात पडल्यापासून नाही. शेवटच्या आठवड्यावर विसंबू नका.

स्टेटमेंट निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी भाडं भरलं तर बिनव्याजी दिवस जास्तीत जास्त मिळतात. पण भाड्याचे पैसे खात्यात आधीच बाजूला काढलेले नसतील तर या वाटेला जाऊच नका. कार्डाचं व्याज वर्षाला वीस टक्क्यांच्या पुढे सहज असतं. बाकी ठेवली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी सवलतही बहुधा जाते. एका महिन्याचं व्याज अख्ख्या महिन्याचे पॉइंट खाऊन वर ढेकर देतं. आणि भाड्याने कार्डाची मर्यादा अर्धीअधिक भरत असेल तर स्टेटमेंट निघायच्या आधीच थोडी रक्कम भरून टाका. कर्ज घ्यायचा विचार असेल तर नक्कीच, कारण पतमानांकन करणाऱ्यांपर्यंत बहुतेक करून स्टेटमेंटवरचा आकडा पोचतो.

नवऱ्याला किंवा भावाला घरमालक दाखवून पैसे फिरवायची युक्ती कोणी सुचवली तर हात जोडा. भाडं नसताना भाडं दाखवणं ही फसवणूक आहे. बँकेला संशय आला की पॉइंट जातात, कार्डही जातं.

बँकेचे पॉइंट विमान कंपनीच्या मैलांत बदलून घेता येतात, पण पॉइंट आले की लगेच तिकडे वळवू नका. बँकेकडून मैलांत गेलेले पॉइंट सहसा परत येत नाहीत. आधी सीट शोधा. मी आईसाठी तिकीट शोधत होते. रोखीने ते ६०० ला होतं. मैलांनी ३१,००० मैल आणि वर कर व इंधन अधिभार मिळून १३५. मग ६०० मधून १३५ वजा, राहिले ४६५, त्याला ३१ ने भागलं: हजार मैलांना १५. चांगला भाव. त्याच मार्गावर दुसऱ्या तारखेला अधिभार इतका होता की हजारामागे जेमतेम ६ सुटत होते. ते तिकीट सोडून दिलं.

साठवून मात्र ठेवत नाही. डेल्टा या अमेरिकी विमान कंपनीने २०१५ मध्ये, कुठल्या प्रवासाला किती मैल लागतील याचा तक्ताच संकेतस्थळावरून काढून टाकला. तिथल्याच युनायटेड कंपनीने २०१९ मध्ये तेच केलं. तक्ता नसला की मैलांचा भाव मागणीप्रमाणे हलतो, आणि तो आपल्या बाजूने हललेला मी फारसा पाहिलेला नाही.

आईच्या तिकिटासाठी पॉइंट वळवले ते मैलांच्या खात्यात पोचायला दोन दिवस लागले. तेवढा वेळ मी सकाळ-संध्याकाळ ती सीट अजून आहे ना, हे बघत बसले होते. होती. आईला खिडकी मिळाली. त्या महिन्यापासून काकांचं भाडं पुन्हा थेट खात्यातूनच जातं, फी न देता.