सहा फुटी रीफ टँक घरात बसवताय? आधी या चुका टाळा

रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरलचा (प्रवाळांचा) खाऱ्या पाण्याचा टँक, करायचा म्हटलं की लोक पहिला प्रश्न लाइटचा विचारतात. कुठला घेऊ, किती वॉटचा, निळा जास्त की पांढरा. दुसरा प्रश्न माशांचा. पाणी कुठून आणणार, मे महिन्यात काय करणार, वीज गेली तर काय, हे सगळं टँक भरून झाल्यावर आठवतं आणि तोपर्यंत बजेट संपलेलं असतं. आपल्याकडे टँक फसतात ते दिव्यापायी नाही, काचेच्या खाली आणि मागे जे दिसत नाही त्याच्यात काटकसर केली म्हणून फसतात. म्हणून दिव्यावर मी खाली फार बोलणार नाहीये.

वजन आणि जागा

हिशोबाला 6 बाय 2 बाय 2 फुटाचा टँक धरू, कारण "मोठा" म्हणून बहुतेक जण तोच करतात. आत पाणी साधारण 680 लिटर, खारं म्हणून वजनाला 700 किलो. 15 एमएमची काच घेतली तर रिकामा टँकच दीडशे किलो. वर दगड, वाळू, स्टँड, खाली संप (स्टँडमधली फिल्टरची दुसरी टाकी), सगळं मिळून अकराशे किलोच्या पुढे जातं आणि हे सगळं उभं राहतं साधारण 1.1 चौरस मीटर जागेत. घरातल्या स्लॅबसाठी आयएस 875 या भारतीय मानकात जो लाइव्ह लोड (माणसं, सामान यांचं वजन) धरतात तो आहे चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे 200 किलोच्या आसपास. याचा अर्थ टँक भरला की स्लॅब खालच्यांच्या घरात जाणार असं नाही, तो आकडा पूर्ण खोलीभर पसरलेला धरतात आणि खोलीत बाकीची जागा मोकळीच असते, पण हॉलच्या मधोमध बीमपासून लांब पार्टिशनसारखा टँक ठेवायची जी फॅशन आलीय ती डोळे झाकून करू नका. भिंतीला लागून, बीमच्या वर किंवा अगदी जवळ ठेवा आणि त्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा. इंटिरियरवाला "काही होत नाही हो" म्हणाला, हे उत्तर धरायचं नाही. बिल्डिंग जुनी असेल, स्लॅबचं प्लास्टर पडत असेल, सळया दिसत असतील तर सहा फुटीचा विषयच काढू नका.

अजून एक, टँक ऑर्डर करायच्या आधी लिफ्ट मोजा. सहा फुटी काच लिफ्टमध्ये आडवी जात नाही, मग दीडशे किलो काच जिन्याच्या वळणावर चौघं पाच जण धरून उभे आणि मालक वरून "सांभाळून, सांभाळून" करतोय, असा सीन होतो. वरचा मजला असेल तर कारागिराला घरीच येऊन सिलिकॉन मारायला सांगा. सिलिकॉन बुरशीरोधक नको, त्यातली औषधं पाण्यात उतरतात. आणि निदान आठवडाभर वाळू द्या, "उद्या भरा चालतंय" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. भरताना आधी साधं पाणी भरून दोन तीन दिवस ठेवायचं, स्पिरिट लेव्हल लावून बघायचं, टँकखाली थर्माकोलची शीट घालायची. लोखंडी स्टँड असेल तर पावडर कोटिंग करूनच घ्या, वेल्डिंगच्या जोडांवर जास्त लक्ष द्या, खाऱ्या पाण्याचे शिंतोडे पहिले तिथेच लागतात.

पाणी, इथेच निम्मे लोक फसतात

"घरात आरओ आहे की" हे वाक्य फार ऐकू येतं. पिण्याच्या आरओमध्ये चव यावी म्हणून टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो थोडं न गाळलेलं पाणी परत आत सोडतो, वर मिनरलची कार्ट्रिज असते. मीटर लावला की 40, 60, 80 असं काहीतरी येतं. आपल्याला हवं शून्य. आणि हल्ली जे तांब्यावाले आरओ निघालेत, ज्यात मुद्दाम पाण्यात कॉपर घालतात, ते तर रीफसाठी सरळ विषच आहे, कोरल, कोळंबी, गोगलगाय कुणीच तांबं सहन करत नाही. माणसाला चांगलं म्हणून कोरलला चांगलं असं नसतं. वेगळं आरओ डीआय युनिट घ्या, शेवटी उरलेसुरले क्षार धरणारं डीआय रेझिन असलेलं, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस दर वेळी बघा, 1 दाखवायला लागला की रेझिन बदला. मुंबईचं नळाचं पाणी मऊ असतं म्हणून काही जण थेट वापरतात, पण त्यात क्लोरिन असतो, आणि सोसायटीच्या टाकीतून, जुन्या पाइपांतून काय येतंय ते आपल्याला दिसत नाही. पुण्याच्या बाजूला टँकरचं पाणी येत असेल तर अजूनच अवघड, बोअरचं पाणी असतं, आज एक टीडीएस उद्या दुसरा. असलं पाणी वापरलं की दोन महिन्यांनी हिरवं शेवाळ येतं आणि माणूस दिवा बदलत बसतो. आरओ डीआय युनिट एका लिटरला तीन चार लिटर पाणी बाहेर टाकतं, ते पिंपात धरून बाथरूमला वापरा, नाहीतर घरचे पहिल्याच महिन्यात टँक विकायला काढतील.

समुद्र जवळ आहे म्हणून जुहूवरून कॅन भरून आणणारेही आहेत. नका आणू. किनाऱ्याजवळच्या पाण्यात सांडपाणी, तेल असतं आणि पावसाळ्यात खारेपणा बराच खाली येतो. खायचं मीठ तर अजिबातच नाही. मरीन सॉल्टच घ्या, पहिल्या भरणीला पंचवीस किलोच्या आसपास लागेल. खारेपणा 35 पीपीटी (हजार भागात 35 भाग मीठ), स्पेसिफिक ग्रॅव्हिटीत 1.026, आणि रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचा मीटर) साध्या पाण्यावर नाही, 35 पीपीटीच्या कॅलिब्रेशन सोल्युशनवर सेट करा. शून्यावर बरोबर असलेला मीटर 35 ला दोन तीनने चुकू शकतो.

उन्हाळा

टँकचं तापमान 25 ते 27 मध्ये हवं. मे महिन्यात मुंबईत नळाचं पाणीच 30 च्या आसपास येतं, त्यात पंप, दिवे उष्णता टाकणार. 30 च्या वर काही दिवस राहिलं की कोरल पांढरं पडायला लागतं, आणि गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी मावतो म्हणून मासे धापा टाकतात. लोक पंखे लावून भागवायला बघतात. पंख्याने पाणी उडतं म्हणून ते थंड होतं, त्यामुळे पुण्याच्या, नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात पंखा दोन तीन डिग्री खाली आणतोही, पण मुंबईच्या दमट हवेत पाणी उडतच नाही तेवढं, तिथे चिलरला पर्याय नाही. एवढ्या टँकला अर्धा एचपी धरा, त्याहून लहान घेतला तर दिवसभर चालूच राहील आणि बिल उलट जास्त येईल.

चिलर घेतल्यावरची चूक वेगळीच. तो स्टँडच्या कपाटात कोंबतात. चिलर म्हणजे छोटा एसीच, पाण्यातली उष्णता काढून हवेत फेकणार, कपाट बंद असेल तर स्वतःचीच गरम हवा परत ओढणार. चिलर ड्राय बाल्कनीत ठेवा, पाइप भिंतीतून काढा, आणि हे भोक फर्निचर व्हायच्या आधी पाडून घ्या. दर पंधरा दिवसांनी त्याची जाळी साफ करा. "चिलर चालू आहे तरी टेम्परेचर उतरत नाही" या तक्रारीत बऱ्याचदा जाळी धुळीने बुजलेली असते नाहीतर आतून जाणारं पाणी कमी पडत असतं. नाशिक पुण्याच्या थंडीत रात्री हीटर लागतो हेही लक्षात असू द्या.

वीज गेल्यावर

सगळ्यात आधी, टँकमध्ये मासे टाकायच्या आधी, मेन स्विच बंद करून बघा. रिटर्न पंप (संपमधलं पाणी वर टँकमध्ये ढकलणारा) थांबला की वरचं पाणी रिटर्नच्या पाइपातून सायफन होऊन खाली संपमध्ये येतं. आपल्या टँकमध्ये एक सेंटिमीटर पाणी म्हणजे 11 लिटर. रिटर्नचं तोंड पाण्याखाली पाच सेंटिमीटर असेल तर 55 लिटर, वर पाइपातलं आणि ओव्हरफ्लोतलं (जिथून पाणी संपकडे उतरतं तो कप्पा). एवढी जागा संपमध्ये रिकामी आहे का? नसेल तर ते पाणी हॉलच्या फरशीवर आणि मग खालच्या मजल्यावर. सायफन तोडायला पाइपला भोक पाडतात, चांगली गोष्ट आहे, पण ते शेवाळाने किंवा गोगलगायीने बुजतं. चेक व्हॉल्व्हही कचरा अडकला की बसत नाही. म्हणून या दोघांवर न जाता रिटर्नचं तोंडच पाण्याच्या पातळीच्या अगदी जवळ ठेवा. ड्रेन एक नको, दोन तरी हवेत, एक चालू आणि एक नुसता इमर्जन्सीला कोरडा.

इन्व्हर्टर घेताना प्युअर साइन वेव्ह घ्या, स्क्वेअर वेव्हवर एसी पंप घूं घूं करतात आणि तापतात. पण सगळं इन्व्हर्टरवर टाकायची गरजही नाही. वीज गेल्यावर पहिला धोका ऑक्सिजनचा, त्यामुळे एक डीसी वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलवणारा छोटा पंप) बॅटरीवर चालला तरी बरेच तास निघतात. दिवे, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), चिलर थांबले तर चालतं, म्हणजे चिलर उन्हाळ्यात दोन तीन तासच हं. आणि 30 मिलिअँपचा आरसीसीबी (करंट लीक झाला की वीज तोडणारा स्विच) बसवाच, अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबून मग वर जाईल अशी ठेवा म्हणजे पाणी वायरवरून सॉकेटमध्ये जात नाही. एक्स्टेंशन बोर्ड संपच्या वर टांगलेले फोटो लोक कौतुकाने टाकतात, बघवत नाही.

एटीओ

उडून जातं ते पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती आरओ डीआय पाण्याची, खाऱ्या नाही. पंखे चालू असतील तर एवढ्या टँकचं रोज आठ दहा लिटर पाणी सहज उडतं, हाताने घालणं जमत नाही म्हणून एटीओ, म्हणजे आपोआप भर घालणारं यंत्र, लावतात आणि रोज काम नको म्हणून त्याला 80 लिटरची टाकी जोडतात. आता त्याचा फ्लोट (पातळी बघणारा तरंगता स्विच) अडकला आणि टाकी पूर्ण आत गेली तर 35 चं 31 होतं, एका रात्रीत. टाकी तीन दिवसांची ठेवा आणि सेन्सर एकाऐवजी दोन.

पहिले काही महिने

सायकलला, म्हणजे माशांची घाण पचवणारे बॅक्टेरिया टँकमध्ये रुजायला, चार ते सहा आठवडे. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट दिसायला लागलं की मग पहिला मासा. याच्यात बाटलीतले बॅक्टेरिया मदत करतात, चमत्कार करत नाहीत.

मग काचेवर, वाळूवर तपकिरी थर येतो, तो डायटम या सूक्ष्म शेवाळाचा, घाबरून औषध टाकू नका, आपोआप जातो. लालसर चादरीसारखं आलं आणि ओढल्यावर तुकड्याने निघालं तर सायनो (सायनोबॅक्टेरिया), तिथे पाण्याचा फ्लो कमी आहे किंवा खाणं जास्त पडतंय. तपकिरी, तारा सुटणारं, त्यात हवेचे बुडबुडे, आणि रात्री दिवा गेला की कमी होणारं असेल तर डायनो (डायनोफ्लॅजेलेट). हा सगळ्यात चिवट आणि तो बहुतेक वेळा अति स्वच्छ टँकला येतो, नायट्रेट फॉस्फेट शून्यावर आणून ठेवलेल्या. अशा वेळी लोक अजून पाणी बदलतात आणि तो अजून वाढतो. नायट्रेट 5 पीपीएमच्या, फॉस्फेट 0.05 पीपीएमच्या आसपास राहू द्या, शून्य हे बक्षीस नाही.

कोरल वाढायला लागलं की अल्कलिनिटी (पाण्यातले कार्बोनेट) खातं. 8 ते 9 डीकेएच (तिचं एकक) मध्ये कुठेही ठेवा पण एकाच जागी ठेवा, दिवसाला एक डीकेएचपेक्षा जास्त हलवू नका. कॅल्शियम 420, मॅग्नेशियम 1300 पीपीएमच्या जवळ. अल्कलिनिटीचं आणि कॅल्शियमचं द्रावण एकाच जागी, एकाच वेळी ओतलं की पांढरं दूध होतं, म्हणजे दोन्ही वाया. एसी लावून बंद ठेवलेल्या खोलीत पीएच 7.8 वर अडकला असेल तर बफर ओतू नका, खोलीत कार्बन डायऑक्साइड साठलाय, खिडकी उघडा किंवा स्किमरची हवेची नळी बाहेर सोडा. टेस्ट किटची एक्स्पायरी दुकानातच बघा.

कायदा, आणि एक गोष्ट जीवावर बेतणारी

सगळे हार्ड कोरल, सी फॅन, समुद्री घोडे, समुद्री काकड्या यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. मालवणला स्नॉर्केलिंग करताना उचललेला मेलेला तुकडासुद्धा चालत नाही. "आपल्याकडे सगळं मिळतं" म्हणणारा दुकानदार कागद मागितल्यावर विषय बदलतो, तिथून निघा. दगडासाठी सिरॅमिकचे किंवा सिमेंटपासून बनवलेले रीफ रॉक घ्या, सिमेंटचे असतील तर काही आठवडे पाण्यात भिजवून, पीएच उतरल्यावरच. मासा घेतानाही टँकमध्ये पैदास झालेला क्लाउनफिश विचारून घ्या, सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं तंत्र केव्हाच बसवलंय, समुद्रातून पकडलेल्यापेक्षा हा खायला लवकर लागतो.

दुसरं, झोअँथिड आणि पॅलिथोआ नावाच्या कोरलमध्ये पॅलिटॉक्सिन असू शकतं. नको असलेले झोआ मारायला दगड उकळत्या पाण्यात टाकू नका, गरम पाणी ओतू नका, ब्रशने घासू नका. वाफेतून ते विष घरभर पसरतं आणि परदेशात अशाने अख्खी कुटुंबं हॉस्पिटलात गेलीत. हातमोजे, गॉगल, आणि दगड पाण्याखालीच हाताळा.

क्वारंटाइन नाही केलं तर

पांढऱ्या ठिपक्यांचा आजार, म्हणजे इच, एकदा मेन टँकमध्ये शिरला की औषधाने जात नाही, कारण औषध म्हणजे तांबं आणि तांबं टाकलं की कोरल संपलं. मग सगळे मासे काढायचे आणि मेन टँक अडीच महिने माशांशिवाय ठेवायचा, सहा फुटी दगडांच्या ढिगातून टँग मासा पकडून दाखवा मग कळेल. त्यापेक्षा दोन फुटी साधा टँक, एक स्पंज फिल्टर, दोन पीव्हीसीचे तुकडे लपायला, आणि प्रत्येक नवीन मासा महिनाभर तिथे. ब्लू टँग लहान असताना घेतला तरी त्याला सहा फूट लागतातच, चार फुटीत ठेवू नका.

शेवटचं, गणपतीला गावी जाताना. शेजाऱ्यांच्या हातात खाण्याचा डबा देऊन जाऊ नका. माणसं प्रेमाने घालतात, मूठभर घालतात, पाच दिवसांनी परत येईपर्यंत अमोनिया वर आणि पाणी पांढरट. रोजचं खाणं कागदाच्या पुड्यांत बांधून त्यावर वार लिहून ठेवा, बाकी डबा लपवा, एटीओची टाकी भरा, स्किमरचा कप रिकामा करा, आणि शेजाऱ्यांना फक्त दोन गोष्टी दाखवून ठेवा, टँकचा एमसीबी कुठला आणि फरशीवर पाणी दिसलं तर कुठला स्विच खाली करायचा.